माणिकचा डबा

१

रोज सकाळी आंघोळ झाली की सुगंधा आधी सवतीला कुंकू लावायची आणि मग स्वतःला.

सवत जिवंत नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ती जाऊन चार वर्षं झाली होती. पण बिजवराच्या घरात आलेल्या बाईला आपल्याकडे मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालावा लागतो. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, नाकीडोळी नीटस, हात जोडून उभी. मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात ती लटकते. नवं लुगडं आलं की आधी तिला लावायचं, सणाला आधी तिला हळदकुंकू. म्हणजे मेलेलीचा जीव थंड राहतो म्हणे. जिवंत आहे तिच्या जिवाचं काय होतं, ते कोण विचारतो!

मातीची सुद्धा सवत नको म्हणतात. सुगंधाच्या वाट्याला चांदीची आली होती.

तिचं नाव माणिक. सुगंधाने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण घाटकोपरला भटवाडीच्या चाळीतल्या त्या एका खोलीत उठता-बसता माणिकच होती. पाटा माणिकचा, वरवंटा माणिकचा. खिडकीच्या चौकटीला चुन्याची बोटं पुसायची सवय होती तिला, ते पांढरे डागही तसेच. शेजारच्या रुक्मिणीकाकू तर कालवण चाखताना डोळे मिटून म्हणायच्या, "छान झालंय हो. माणिक जरा आंबट करायची, एवढंच." बाई मनाने वाईट नव्हत्या, पण जीभ म्हणजे नुसती विळी.

नवरा, दशरथ, माणिकबद्दल अवाक्षर काढायचा नाही. हेच सुगंधाला जास्त झोंबायचं. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. गप्प माणसाशी भांडायचं कसं? तो जेवताना ताटात बघायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि मधे ती तिसरी गळ्यात लोंबत असायची.

"मला मुलुंडला खोली करून द्या," ती एकदा म्हणाली. मुलुंडला तेव्हा नव्या चाळी उठत होत्या. "जिथे तिचं पाऊल कधी पडलं नाही अशी खोली. बाकी मला काही नको. मग तुमच्या टाकाला एकदा सोडून दोनदा कुंकू लावीन."

२

दशरथ स्टेशनजवळच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्या पगारात मुलुंडच्या खोलीची पागडी काय, तिची कडीसुद्धा आली नसती. पण लढाईत असताना तो मिलिटरीची गाडी चालवायला शिकला होता, आणि तो परवाना त्याने जपून ठेवला होता. त्या वर्षी आषाढात आग्रा रोडवरच्या एका शेठचा ड्रायव्हर पाय मोडून गावी जाऊन पडला. शेठने निरोप धाडला, दिवाळीपर्यंत माझा ट्रक ने, छापखान्यापेक्षा दुप्पट देतो.

छापखान्याचे मालक अण्णा भला माणूस. "जा बाबा," ते म्हणाले. "जागा धरून ठेवतो. फक्त हातपाय शाबूत घेऊन परत ये. खिळे जुळवायला दहाही बोटं लागतात."

दशरथच कचरत होता.

"मला तो रस्ता नको वाटतो गं," तो सुगंधाला म्हणाला. "लांब एकटं बसून राहायचं. मग नको ते मनात येतं."

"नको ते म्हणजे काय?"

त्याची नजर खिडकीच्या चौकटीवरच्या त्या चुन्याच्या डागांवर गेली आणि परत फिरली. सुगंधाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तिथल्या तिथे ठरवलं, हा माणूस ट्रकवर जाणार म्हणजे जाणार. दिवाळीला आपण मुलुंडला असणार, आणि ते डाग इथेच राहणार.

आता प्रश्न आला डब्याचा. छापखाना जवळ असल्यामुळे दशरथ दुपारी घरीच जेवायला यायचा, त्यामुळे घरात डबा असा नव्हताच. ट्रकची खेप नाशिकची. उजाडताना माल भरून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कांदे घेऊन परत यायचं. सुगंधा माळ्यावर चढली आणि मागच्या कोपऱ्यातून एक पितळी डबा काढला. तीन पुडांचा, जडशीळ. रुखवतातला असावा. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, "सौ. माणिक".

तिने चिंच लावली, विटेची पूड लावली, काथ्याने खसाखसा घासला. नाव जाईना. उलट घासल्यामुळे ते जास्तच लख्ख दिसायला लागलं.

"जा मेले," सुगंधा डब्याला म्हणाली. "जा धुळीत नि डिझेलच्या वासात. एवढे दिवस माळ्यावर आराम केलास."

३

पहिल्या खेपेहून दशरथ आला तो थकून चूर. पाय धुतले, चार घास खाल्ले आणि भिंतीला टेकून झोपला. सुगंधाने डबा घासायला घेतला आणि तिचा हात थांबला.

डबा घासलेला होता.

नुसता विसळलेला नव्हे. राखेने घासून, धुऊन, कोरडा पुसलेला. पुडांच्या कडा बाहेरून उजळल्या होत्या. आणि सगळ्यात वरच्या पुडात, मधोमध, चिमूटभर साखर.

कुणाचं भांडं परत करताना रिकामं देऊ नये, चिमूटभर साखर तरी घालावी. हे बायकांचं शास्त्र. शेजारणीची वाटी सुद्धा आपण कधी रिकामी देत नाही. पण पुरुषाला हे कळायचं काही कारण नाही. पुरुष डबा आणतो तो आतल्या वाळक्या शितांसकट आणतो आणि वर विचारतो, आज भाजीत मीठ कमी होतं का?

"अहो, डबा कुणी घासला?" तो उठल्यावर तिने विचारलं.

"डबा?" दशरथने जांभई दिली. "खाल्लं आणि झाकण लावलं. का गं?"

"साखर कुणी घातली?"

"कसली साखर?"

चेहरा असा की जणू देवळातून आलाय. सुगंधाने डबा फळीवर ठेवला. लवू म्हणून एक क्लीनर होता ट्रकवर, त्याने घासला असेल. म्हातारा माणूस, असतात काही टापटिपीचे. साखर चहाची सांडली असेल. ती अशी मनाची समजूत घालत होती, पण सांडलेली साखर अशी मधोमध ढिगाने पडत नाही हे तिला दिसत होतं.

४

पुढच्या खेपेला कोकमं आली. त्याच्या पुढच्या खेपेला पळसाच्या पानात गुंडाळलेले भाजलेले दाणे, सालं काढून पाखडलेले. मग ओल्या नारळाची वडी, कडेला जरा लागलेली, घरची. डबा दर वेळी लख्ख. एकदा दशरथच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून आलं. सुगंधा स्वतः ते लावणार होती, विसरली होती. दोरा तिच्या घरातला नव्हता, आणि गाठ अशी आतून घेतलेली की बोटालाही लागू नये.

आता मात्र संशयाला जागा राहिली नाही. रस्त्यावर कुणीतरी सटवी होती.

तिने आडून विचारलं, सरळ विचारलं, रडून विचारलं. दशरथने ताकास तूर लागू दिली नाही. "अगं, मी एकटा जेवतो. कसाऱ्याच्या अलीकडे एक वड आहे, तिथे. तिथे कुत्रंसुद्धा नसतं." शपथ घ्यायला सांगितली तर लगेच घेतली, तीही तिच्या गळ्याला हात लावून. हात लागला तो टाकाला, पण ते जाऊ दे.

आणि गंमत अशी की माणूस बदलत चालला होता. ट्रकवाले वाळतात, हा भरत होता. गालावर तुकतुकी आली होती. कपडे काढताना कसलंतरी गुणगुणायचा. घरात मात्र दोन घास खाऊन हात धुवायचा.

"भूक नाही?"

"तिकडे लागते गं. इथे आलो की पोट भरलेलं वाटतं."

हे ऐकून सुगंधा मोरीत जाऊन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तिने जीव ओतून रांधलेलं तो बाहेर खात होता, आणि तृप्ती बाहेरच सांडून येत होता.

एका सकाळी तिने आग्रा रोडवरच्या चहाच्या दुकानापाशी लवूला गाठलं. लवू मालवणकडचा, अर्धे केस पिकलेला, गळ्यात तुळशीची माळ.

"लवूदादा, खरं सांगा. यांच्याबरोबर कोण जेवतं?"

"वैनी, देवाशपथ सांगतंय, थय बाई नाय नि बाप्यो नाय. एक वड आसा, बाजूक पाण्याची बांव आसा. तो थय बसता. मी हाटेलात जेवतंय, पण माका लांबसून दिसता मां. एकटोच असता."

"मग डबा कोण घासतं?"

लवूने माळेशी चाळा केला. चहाचा घोट घेतला.

"ता माका ठाव नाय. पण वैनी, तो पत्रावळी दोन मांडता."

"दोन?"

"होय. एक आपल्यासमोर आणि एक समोर. जेवण झाला की दोनय उष्टी असतत." तो उठला. "मी विचारूक नाय. तुमी पण विचारू नकात."

चोर चोर मावसभाऊ, सुगंधा मनात म्हणाली. हा तिला झाकतोय. नाहीतर एकट्या माणसाच्या दोन उष्ट्या पत्रावळी कशा होतील? घरी येईपर्यंत तिने त्या बाईला मनात नाक, डोळे, रंग, सगळं दिलं होतं. वय आपल्यापेक्षा कमी दिलं होतं.

५

माणसाचं मन कसं असतं बघा. त्या दिवसापासून सुगंधाला माणिकबद्दल माया वाटायला लागली.

"माणिकताई," ती सकाळी टाकाला कुंकू लावताना म्हणायची. आधी कधी तिने ते नावही घेतलं नव्हतं. "तू तरी हक्काची होतीस. अग्नीभोवती फिरून आली होतीस. ही कोण उपटसुंभ? तो जसा माझा, तसा तुझाही. आपण दोघी मिळून हिला हाकलून देऊ."

चांदीची बाई हात जोडून ऐकायची. सुगंधाला बरं वाटायचं. कुंकू आता चिमूट नव्हे, चांगलं बोट भरून लागायला लागलं.

भाद्रपद आला. पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी, कपाळाला कुंकू घेऊन जी बाई गेली, तिच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलवायची. दरवर्षी रुक्मिणीकाकू बसायच्या माणिकच्या पाटावर, आणि जेवता जेवता माणिकच्याच आठवणी काढायच्या. यंदा सुगंधाच्या डोक्यात वेगळंच शिजलं.

रस्त्यावरच्या त्या सटवीलाच बोलवायचं.

यायची हिंमत असेल तर ये म्हणावं. सगळ्या चाळीदेखत ये, मेलेलीच्या पाटावर बस, मेलेलीच्या नावाचं जेव, आणि दशरथच्या तोंडाकडे बघून घास गिळून दाखव. आणि नाही आलीस तर तोंड काळं करून गप बस. सुगंधाला हा डाव इतका आवडला की ती एकटीच हसली.

दशरथला तिने काही सांगितलं नाही. नवमीच्या आधीच्या खेपेला डबा भरताना तिने वरच्या पुडात हळदीची पुडी ठेवली, कुंकवाची पुडी ठेवली, अक्षता टाकल्या आणि त्यावर एक सुपारी. झाकण लावता लावता, चाळीत दारोदार जाऊन सांगतात तशा सुरात ती हळूच म्हणाली, "नवमीला जेवायला या हं. आमच्या माणिकच्या नावानं."

गळ्यात टाक गार लागला. आंघोळीचं पाणी राहिलं असेल दोऱ्यात. तिने तो पदराने पुसला आणि डबा दशरथच्या हातात दिला.

६

डबा परत आला. अक्षता नव्हत्या. सुपारी नव्हती. कुंकवाची पुडी उघडून परत नीट घडी घातलेली होती, आणि आत कुंकवात एका बोटाचा खळगा. बाईने तिथल्या तिथे कपाळाला लावलं होतं.

सुपारी घेतली म्हणजे आमंत्रण घेतलं. सुगंधाचे कान तापले. एवढी निर्लज्ज!

मधल्या पुडात लिंबाचं लोणचं होतं, मुरलेलं, तांबूस. त्याच वेळी रुक्मिणीकाकू पीठ मागायला आल्या. लोणचं दिसल्यावर काकू थांबणार थोड्याच! "कुणाकडचं गं?" असं विचारत त्यांनी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

काकूंचं तोंड हललं आणि मग हलायचं थांबलं.

"काय झालं काकू?"

"ओवा," काकू म्हणाल्या.

"असेल. त्याचं काय?"

"लिंबाच्या लोणच्यात ओवा. आमच्या अख्ख्या चाळीत एकच बाई घालायची." त्यांनी बोट पदराला पुसलं, परत पुसलं. "ती गेली तेव्हा तिची बरणी मी नेली होती. जपून जपून खाल्लं. केव्हाच संपलं गं ते."

"नाशिककडे घालत असतील सगळेच," सुगंधा म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा मोठा निघाला नाही.

काकूंची नजर झाकणावर गेली. ठिपक्यांचं नाव त्यांनी बोट न लावता वाचलं.

"हा डबा कशाला काढलास?"

"दुसरा नव्हता घरात."

"भांडं ज्याचं त्याचं असतं, पोरी. तिच्याच भांड्यात तिच्याच नवऱ्याला..." काकू थांबल्या. "आणि काय काय पाठवलंस?"

सुगंधाने अक्षतांचं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं की काकू हसतील, म्हणतील, कसली गं वेडी तू. काकू हसल्या नाहीत.

"कुणाच्या नावानं बोलावलंस?"

"माणिकच्या."

बाहेर नळावर कुणीतरी कळशी ठेवली. ती भरून वाहायला लागली.

"बोलावलंस, तर आता पान मांड," काकू शेवटी म्हणाल्या. "बोलावून पान न मांडणं फार वाईट. पण मला बसवू नकोस यंदा. एका पाटावर दोघी बसत नाहीत."

त्या गेल्या. पीठ न्यायला विसरल्या.

सुगंधाने लोणचं मोरीत ओतलं. मग ती बराच वेळ विचार करत बसली. काकू म्हातारी झालीय. जिभेला काय कळतं चार वर्षांनी? ओवा कोणीही घालेल. बटण कोणीही लावेल. कुणीतरी हाडामांसाची बाई आहे, आणि ती आपल्या नवऱ्याला जेवू घालते आहे. हा विचार कालपर्यंत तिला जाळत होता. आज तोच ती आधारासारखा घट्ट धरून बसली होती.

७

नवमीला सकाळी आंघोळ करून तिने टाक बोटांत धरला, कुंकू लावायला. बोट घसरलं.

चांदीवर बाई नव्हती. नाक नव्हतं, डोळे नव्हते, जोडलेले हात नव्हते. गुळगुळीत पत्रा, ठसा नसलेल्या रुपयासारखा. ती खिडकीशी जाऊन उजेडात बघत राहिली. रोज बोट फिरवून फिरवून झिजला असेल. चांदी झिजतेच. कालपर्यंत होती ती बाई एका दिवसात कशी झिजली, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

रिकाम्या पत्र्यावर तिने कुंकू लावलं. मग स्वतःला लावलं.

स्वयंपाक सगळा केला. वडे, घारगे, अळूचं फदफदं, खीर. भाताचं पातेलं चुलीवर. चुलीपुढच्या लाकडी पडदीच्या बाहेर दोन पाट मांडले, दोन केळीची पानं, रांगोळी. चाळीत दुपार झाली होती. खालच्या खोलीत कुणीतरी पाट्यावर वाटत होतं. काकूंच्या दाराला आतून कडी होती, एरवी दिवसा ती कधी नसायची.

दशरथ आला. हातपाय धुऊन पाटावर बसला. दुसऱ्या पानाकडे त्याने बघितलं आणि विचारलं काहीच नाही. फक्त आपला पाट जरासा सरकवला, माणूस बसेल एवढी जागा करावी तसा.

"कुणी येणार आहे का?" सुगंधाने विचारलं. तिलाच कळेना, आपण त्याला का विचारतोय.

"वाढ तू," तो म्हणाला. "पानं वाढून झाली की होईल सगळं."

तिने दोन्ही पानं वाढली. भात आणायला पडदीच्या आड गेली. चुलीवरचं पातेलं उतरवलं, आणि बाहेर बांगड्या वाजल्या.

काचेच्या. सुगंधाने पातेलं दोन्ही हातांनी धरलं होतं, तिच्या बांगड्या हललेल्या नव्हत्या.

मग दशरथचा आवाज आला. हळू, हसरा. तीन वर्षांच्या संसारात तिने तो आवाज कधी ऐकला नव्हता. तो काय म्हणाला ते कळलं नाही. कुणीतरी पुटपुटून उत्तर दिलं, तेही कळलं नाही. दोघं हसली.

पडदीच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. सुगंधाने डोळा लावला. दिसलं ते एवढंच, दशरथचं पान, आणि पानावर आलेला एक हात. हिरव्या बांगड्या, चुन्याने पांढरं झालेलं बोट. तो हात अळूतले मिरचीचे तुकडे एकेक वेचून काढत होता आणि आपल्या पानाच्या कडेला ठेवत होता. दशरथ वाट बघत होता, लहान मुलगा आईची बघतो तसा. मिरच्या निघाल्यावर त्याने घास घेतला.

त्याला मिरची खपत नाही. तीन वर्षं ती मिरच्या घालत होती आणि तो मुकाट गिळत होता, आणि तिला हे माहीतच नव्हतं!

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती आग. तळपायापासून मस्तकापर्यंत नुसती आग. ओढून काढते हिला केसाला धरून. माझं घर आहे हे, माझा नवरा, माझ्या चुलीवरचं अन्न! तिने पाऊल उचललं आणि हातातलं पातेलं तिच्या डोळ्यांसमोर आलं. काठाला ठिपक्यांनी कोरलेलं तेच नाव. चुलीशेजारच्या परातीवरही तेच. कळशीवरही. रोज घासत होती ती ही सगळी, आणि तिने कधी वाचलं नव्हतं.

"अगं, भात आण ना," दशरथने हाक मारली.

"आणते," म्हणायला सुगंधाने तोंड उघडलं.

"आणते हं," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

पाट सरकला. जोडव्यांची पावलं पडदीकडे आली, घाई न करता, घरच्या बाईची असतात तशी. सुगंधाने पातेलं छातीशी आवळून धरलं. ते गरम होतं, चटका बसायला हवा होता, बसत नव्हता. गळ्यातला रिकामा पत्रा मात्र बर्फासारखा झाला होता. कुंकवाचा वास आला. मग तिच्या हातातून पातेलं अलगद काढून घेतलं गेलं, आणि एक बाई अगदी कानाशी, समजुतीने बोलली.

"रिकामं परत देऊ नये गं काही."

८

दिवाळीच्या आधी शेठचा ड्रायव्हर लंगडत परत आला आणि दशरथने ट्रक सोडला. अण्णांनी जागा धरून ठेवली होती. मुलुंडची खोलीही झाली.

चाळीतली सगळी सामान उतरवायला खाली आली. दशरथच्या बायकोचं नशीब उघडलं म्हणाली. कोणाला काही वेगळं दिसलं नाही. दिसायचं काय? तीच खोली, तोच संसार, तीच बाई हातगाडीवर परात बांधून घेते आहे. एक रुक्मिणीकाकू तेवढ्या हळदकुंकू लावायला आल्या आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्यांची नजर गळ्याशी खिळली होती. "सुखी राहा गं," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

नवी खोली दुसऱ्या मजल्यावर होती. भिंतींना ओल्या चुन्याचा वास, दोन खिडक्या, आणि मागच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसायचे. फरशीवर एक ओरखडा नव्हता. चौकटीवर एक डाग नव्हता. अशीच खोली सुगंधाने मागितली होती.

तिला ती सगळी दिसत होती. जरा खालून, जरा हलती, मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांच्या शेजारून. ती ओरडत होती, पण ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि हात सोडवावे लागतात. तिचे हात जोडलेले होते.

पहिल्या सकाळी दशरथ चहा घेत होता आणि गुणगुणत होता. आंघोळ झालेल्या ओल्या केसांतून एक थेंब तिच्यावर पडला. मग तिला उचलून उजेडात धरलं गेलं. मोठं, प्रेमळ तोंड जवळ आलं. पाठोपाठ कुंकवाने लाल झालेलं एक बोट.

"बघितलीस का, सुगंधाताई?" माणिक म्हणाली. "आपली मुलुंडची खोली."

बोट आलं आणि सगळं लाल झालं. मग तिने स्वतःला कुंकू लावलं.